दीड पापडाची विहीर : सुट्टीतल्या प्रकल्प नोंदी

२ मे, औसा (जि. लातूर)

निकाल लागला, दप्तरं माळ्यावर गेली. गल्लीच्या टोकाला परवा रात्रभर बोअरची गाडी घरघरत होती. आधी पिवळट, मग राखाडी, मधेच एकदा तांबडी आणि शेवटी पुन्हा राखाडी भुकटी. पाचशे फुटांवर गाडी थांबवली. पाणी नाही. सकाळी चहाला धाकट्याने विचारलं, "आई, दगडात पाणी कुठं बसतंय?" थोरली आता आठवीत जाणार, तिच्याकडे उत्तर तयार: खडकाच्या भेगांत आणि छिद्रांत. धाकट्याने पाट्यावरचा वरवंटा उचलून खालून-वरून बघितला. "ह्याला कुठंय छिद्र?"

सुट्टीचा प्रकल्प त्यातून ठरला: आपल्या पायाखालची जमीन, स्वयंपाकघरातल्या जिनसांतून. खाण्याच्या वस्तूंची मॉडेलं शाळांच्या प्रदर्शनात दरवर्षी असतात. केकवर रंगीत गोळ्या चिकटवून केलेली पेशी, जेलीचं हृदय. ती दिसतात छान, पण बघून पोरांना एवढंच कळतं की केंद्रक लाल असतं, आणि ते लाल नसतं. म्हणून आमच्याकडे नुसतं दिसणारं मॉडेल बाद. मॉडेल एकतर मोजणारं हवं, म्हणजे आकार-अंतर खऱ्या प्रमाणात. नाहीतर वागणारं हवं: खरी वस्तू जशी फुगते, तडकते, झिरपते तसं त्यानेही करून दाखवायचं. प्रत्येक मॉडेलनंतर एक प्रश्न ठरलेला: हे कुठं खोटं बोलतंय? आणि संध्याकाळपर्यंत ते पोटात जायला पाहिजे.

आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आपला नियम वेगळा सांगितला. "अन्नाशी खेळा, पर एक घास जरी उकिरड्यावर गेला तर माझ्याशी गाठ हाय."

४ मे

दिरांच्या शेतातली जुनी विहीर बघायला गेलो. खोली साधारण ५० फूट, तळाला डबकं. बांधकाम वरच्या भागातच आहे, त्यामुळे खालचे थर उघडे दिसतात. वर काळी माती, तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, मुरमाखाली छिद्रंछिद्रं असलेला मांजऱ्या दगड आणि सगळ्यात खाली सलग काळा पाषाण. मांजऱ्याच्या काही छिद्रांत पांढऱ्या चमकत्या गारा, म्हणजे स्फटिक, भरलेल्या. दीर म्हणाले, विहीर खणताना अशा गारा टोपल्यांनी निघाल्या होत्या.

पोरांना सांगितलं ते थोडक्यात असं. हा सगळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा थरावर थर पसरला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. दख्खनचे पठार म्हणून पुस्तकात जे एका ओळीत उरकतात, ते हेच. काळी मातीसुद्धा ह्याच दगडाची झिजून झालेली.

धाकट्याला वर्षांत रस नव्हता. लाव्हा किती जाड, एवढंच त्याला हवं होतं.

६ मे. पापड (मोजणारं)

जाडीचं उत्तर आमच्याच तालुक्यात आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला शास्त्रज्ञांनी ६१७ मीटर खोल छिद्र पाडलं. वरचे ३३८ मीटर लाव्हाचा दगड, त्याखाली जेमतेम ८ मीटर जुना गाळ, आणि मग लाव्हाच्याही कितीतरी आधीचा, ग्रॅनाइटच्या जातकुळीचा पाया.

आत्यांचे उडदाचे पापड नुकतेच वाळून डब्यात गेले होते. एक पापड म्हणजे दहा मीटर धरला. डब्यातून चौतीस पापड काढून पाटावर चळत लावली. पाट म्हणजे ग्रॅनाइट, तो खायचा नाही. आठ मीटरच्या गाळासाठी पाट आणि पापडांच्या मधे एक पातळ चकती ठेवली, साबुदाण्याच्या पापडाची.

आता खोदकामं मोजायची. दिरांची विहीर १५ मीटर, म्हणजे दीड पापड. गल्लीतलं बोअर १५२ मीटर, म्हणजे पंधरा पापड. थोरलीने भूजल कायदा शोधून काढला: महाराष्ट्राच्या २००९ च्या कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल गेलेल्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटलं आहे. सहा पापड. चळतीला सहाव्या पापडापाशी दोरा बांधला, पंधराव्यापाशी दुसरा, आणि दोघं बराच वेळ दोन दोऱ्यांमधल्या पापडांकडे बघत बसली. आजोबांच्या काळातली सगळी शेती वरच्या दीड-दोन पापडांवर झाली, हे मी सांगितलं नाही. थोरलीने ते आत्यांना विचारून स्वतः काढलं.

खोटं कुठं बोलतं? किल्लारीचा आकडा औशाला जसाच्या तसा लागू नाही, आणि खरे थर पापडांसारखे एकाच जाडीचे नसतात. रात्री खिचडीबरोबर वरचे सहा भाजले, बाकीचे परत डब्यात.

९ मे. गुळाचा पाक (वागणारं)

हे मॉडेल करायला मी स्वतः उत्सुक होते. मांजऱ्या आणि काळा पाषाण एकाच लाव्ह्याचे, मग एक छिद्राचा आणि दुसरा सलग का? लाव्हा थिजताना आतला वायू वर चढतो आणि वरच्या भागात अडकतो. थराचा मधला भाग हळूहळू थिजतो, तिथे छिद्रं कमी.

ढोकळ्याचा विचार आधी बाद केला. तो जाळीदार असतो खरा, पण तापवून घट्ट होतो. लाव्हा निवून घट्ट होतो. चिक्कीचा पाक दिशेने बरोबर आहे. चिक्कीचा गूळ कढईत वितळवला, पाण्यात टाकलेला थेंब कडक तुटेपर्यंत आणला. अर्धा पाक तूप लावलेल्या वाटीत तसाच ओतला. उरलेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून एकदाच ढवळला. भसकन फुगून रंग फिका झाला. तोही दुसऱ्या वाटीत जाड ओतला. पाक उकळत्या पाण्यापेक्षा बराच तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो, म्हणून कढई आणि ओतणं माझ्याकडे. पोरं ओट्यापासून दोन हात लांब, हा नियम मोडला तर मॉडेल तिथेच बंद.

निवल्यावर दोन्ही वड्या फोडल्या. पहिली काचेसारखी सलग. दुसरी वर जाळीदार, तळाला घट्ट. धाकट्याने विहिरीत काढलेलं चित्र आणून शेजारी ठेवलं.

दोन पाकांच्या मधे गेरूचा थर पण हवा, हा थोरलीचा हट्ट. बोअरमधून निघालेली तांबडी भुकटी तीच: एक लाव्हा थिजून त्यावर माती तयार व्हायला सवड मिळाली, मग पुढचा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. आम्ही सलग वडीवर शेंगाची तिखट चटणी पसरून वर सोड्याचा पाक ओतला. विज्ञान ठीकठाक, चव मात्र अशी जमली की दुसऱ्या दिवशी शेजारून वाटी आली.

१० मे. तेलाची परीक्षा

आता मूळ प्रश्न: ह्या छिद्रांतून पाणी जातं का? गूळ पाण्यात विरघळतो, म्हणून पाण्याऐवजी करडईचं तेल. जाळीदार वडी ग्लासच्या तोंडावर ठेवली, कडेने कणकेची वळी लावून बांध घातला, आत दोन चमचे तेल.

दोघांनी पैज लावली होती की तेल लगेच खाली येणार. आलं नाही. वडी छिद्रांनी भरलेली, तेल वर तळ्यासारखं उभं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "छिद्रं तर एवढी हायत, मग अडलं कुठं?" थोरलीने वडीचा तुकडा उजेडात धरला. प्रत्येक फुगा बंद खोली होता, खोल्यांना दारं नव्हती.

मग बत्त्याने वडीवर अलगद टोला दिला. बारीक तडा गेला आणि तडा जिथून गेला तिथून तेलाची धार लागली.

ह्या एका टोल्यासाठी सगळा खटाटोप वसूल. मांजऱ्यात पाणी लागेलच असं नाही, ते ह्यामुळे. छिद्रं एकमेकांना जोडलेली हवीत, नाहीतर तडे हवेत, आणि पुष्कळ छिद्रं तर गारांनी बुजलेली असतात. पाचशे फूट खोल जाऊन तडा सापडला नाही तर बोअर कोरडं, आणि शेजारच्या वावरात तडा लागला तर तिथे पाणी. पानाड्याच्या, म्हणजे पाण्याची जागा सांगणाऱ्याच्या, नारळाबद्दल आत्या आणि माझ्यात मतभेद आहे. तो इथे लिहीत नाही.

खोटं: सोडा आम्ही बाहेरून टाकला. लाव्ह्यातला वायू आतच विरघळलेला असतो आणि वर येताना दाब उतरला की सुटतो. ते दाखवायला संध्याकाळी सोड्याची बाटली आणून झाकण उघडलं. बाटलीत आधी एकही फुगा नव्हता, हे धाकट्याने तीनतीनदा तपासलं. तेल फोडणीला गेलं, वडी पोटात.

१४ मे. सब्जा (वागणारं)

काळ्या मातीसाठी काय, ह्यावर बरेच दिवस अडलो होतो. ह्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते; उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यामुळे पहिला पाऊस भेगांतून सरळ खोल उतरतो, पण माती फुगून भेगा मिटल्या की पुढचं पाणी वरून वाहून जातं. पहिल्या पावसाला माती गटागटा पिते आणि चौथ्याला वावरात तळं साचतं.

चहाच्या गाळणीत बोटभर जाडीचा कोरडा सब्जा. पहिली वाटी पाणी सरळ खालच्या पातेल्यात. घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबलो. सब्जा फुगून गाळणी बुळबुळीत गच्च. दुसरी वाटी ओतली, ती गाळणीच्या काठावरून बाहेर.

"चौथा पाऊस!" धाकटा ओरडला.

मग गाळणी पातेल्यावर उपडी केली, लिंबू-साखर घातली. मे महिन्यात औशात सब्ज्याच्या सरबताला कोणी नको म्हणत नाही.

१७ ते २२ मे. चीक आणि कॉर्नफ्लोअर

आत्यांनी कुरडयांसाठी गहू भिजत घातले. रोज पाणी बदलायचं, मग वाटून चोथा काढायचा, वस्त्रातून गाळायचं, रात्रभर ठेवून वरची निवळी ओतून द्यायची. ह्यात विज्ञान आयतंच आहे, मॉडेल वेगळं करायला नको: जड कण तळाला, पाणी वर, मधे रेषा स्पष्ट. धाकट्याने कळशीतली रेषा पट्टीने मोजली. आत्या म्हणाल्या, "आमी तर बोट बुडवून बगताव."

तळाला बसलेला चीक दोन वाट्या मागून घेतला. एक थाळीत पातळ पसरून गच्चीवर ठेवला. दुपारपर्यंत त्यावर चौकोनी-पंचकोनी तडे, वावरातल्यासारखेच.

दुसरं काम कॉर्नफ्लोअरचं. ते पाण्यात समसमान कालवून स्टीलच्या ग्लासात दोन बोटं भरलं आणि जाळीच्या पेटीत गच्चीवर ठेवलं, मुंग्यांसाठी पेटीचे पाय पाण्यात. पूर्ण वाळायला दिवस लागतात, घाई केली की नुसता भुगा. वाळल्यावर ग्लास उपडा करून ठोकला, तर आतून बोटाएवढ्या कांड्या निघाल्या. उभ्या, पाच-सहा कडांच्या, एकमेकींना चिकटून. वरच्या बाजूला बारीक, खाली जाड.

लाव्हा थिजताना आकसला तर तोही असाच उभ्या खांबांत तडकतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथे हे खांब रस्त्यावरून दिसतात. टोरांटो विद्यापीठात स्टीफन मॉरिस आणि लुकास गोहरिंग यांनी ह्याच मक्याच्या स्टार्चवर काम केलं: वाळण्याचा वेग जास्त तिथे खांब बारीक, वेग कमी तिथे जाड. लाव्ह्यात वाळण्याच्या जागी निवणं धरायचं. आमच्या ग्लासात वरचं लवकर वाळलं आणि बारीक तडकलं, खालचं सावकाश आणि जाड. त्यांनी यंत्राने मोजलं ते धाकट्याने नखाने मोजलं.

खोटं: इथे पाणी गेल्याने आकसलं, तिथे उष्णता गेल्याने. बाकी तड्यांचा हिशोब सारखाच. कांड्या दुधात विरघळवून खीर केली. चीक शिजवून गुळाबरोबर.

२५ मे. ताकाची बरणी

काचेच्या बरणीत दहा वाट्या पाणी मावतं हे आधी मोजून ठेवलं. ती भाजलेल्या शेंगदाण्यांनी भरली. मग त्यात चार वाट्या पातळ ताक मावलं. दाण्यांमधल्या जागेत चार. त्यात दोन नळ्या, एक तळापर्यंत, एक निम्म्यापर्यंत.

आखूड नळी थोरलीला दिली, लांब धाकट्याला, मुद्दाम. तिच्या नळीत हवा यायला लागली तरी त्याचं चालूच. "ए, हळू की! माझं संपायलंय!" मी मधे पडले नाही. वरून एक वाटी ताक ओतलं, म्हणजे पाऊस. तेही त्याने ओढून घेतलं. मग दोघांनी आपसात ठरवलं की वरून जेवढं पडेल तेवढंच प्यायचं, अर्धं-अर्धं. किती टिकलं ते विचारू नये.

खोटेपणाचा मुद्दा इथे सगळ्यात मोठा निघाला. दाण्यांच्या बरणीत शेकडा चाळीस जागा. भूजलाचा हिशोब करणारे भेगाळलेल्या, मांजऱ्या बेसॉल्टमधून, म्हणजे आपल्या लाव्हाच्या दगडातून, हाती लागणारं पाणी शेकडा १ ते ३ धरतात. शेकडा दोन धरलं तर दहा वाट्यांच्या बरणीत वाटीचा पाचवा हिस्सा. तेवढं ताक मोजून रिकाम्या बरणीत ओतलं. तळ नीट झाकला नाही. धाकट्याने बरणी तिरकी करून एका घोटात संपवलं आणि म्हणाला, "बास? एवढंच?"

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ते मी तेव्हा सांगितलं, आधी नाही. त्या वर्षी हा पठ्ठ्या जगातही नव्हता.

२९ मे. भाकरी आणि मोहरी

जमिनीतून जरा बाहेर. आत्यांची भाकरी २२ सेंटिमीटर, ती सूर्य. मग पृथ्वी दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरी, आणि दोघांत अंतर साडेतेवीस मीटर. भाकरी आमच्या उंबऱ्यावर, मोहरी थेट किराणा दुकानाच्या पायरीवर. चंद्र रव्याचा कण, मोहरीपासून सहा सेंटिमीटर. मोहरी दोनदा हरवली, भाकरी एका बकरीने बघून ठेवली होती. मोजणारं मॉडेल, छान झालं, पुढे.

२ जून. भिंत

हे करावं की नाही, ह्यावर घरात बोलणं झालं. आत्यांचं माहेर लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. "गणपती बोळवून माणसं आत्ता कुठं आडवी झाल्ती," एवढं त्या नेहमी सांगतात आणि थांबतात. मी विचारलं, खाण्याच्या वस्तूंची भिंत करून पोरांना दाखवू का? त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "दाव. भित कशी पडती ते कळाय पायजे. पर मला त्यातलं काय वाढू नको."

भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगातल्या मोठ्या भूकंपांत ह्याची गणना होत नाही. माणसं मात्र हजारोंनी गेली, कारण घरं. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर माळवदाची, म्हणजे सपाट छपराची, माती, तीही वर्षानुवर्षं थर चढवून जड झालेली. जाड भिंत म्हणजे मजबूत, असं सगळ्यांना वाटायचं. पण ती एक भिंत नसतेच. आतली दगडांची ओळ आणि बाहेरची ओळ, मधे खडी-मातीची भर. हलली की दोन ओळी फाकतात, भर खाली बसते आणि तिला आणखी फाकवते.

दोन लाटण्यांवर परात ठेवली. पुढे-मागे ढकलली की हलतं टेबल तयार. शंकरपाळ्यांच्या दोन ओळी, मातीच्या जागी चक्का, मधे चुरमुरे, वर दोन जाड भाकरी. थोरलीने परात हलवली. काही झटक्यांत बाहेरची ओळ बाहेर, आतली आत, भाकरी थेट खाली.

दुसरी भिंत तशीच, फक्त दर दोन थरांनंतर एक लांब टोस्ट आडवा, दोन्ही ओळींत अडकेल असा. गवंडी त्याला जोडदगड म्हणतात. तेवढेच झटके. चक्का गळला, दोन-चार शंकरपाळ्या निसटल्या, भाकरी वरच राहिली. भूकंपानंतर जुन्या घरांच्या मजबुतीकरणात भिंतींना आरपार भोकं पाडून काँक्रीटचे जोड घातले गेले, ते ह्याचसाठी.

खोटं: चक्का मातीपेक्षा जास्त चिकट आहे. शिवाय आम्ही एकाच दिशेने हलवलं. थोरलीने परात आडवी फिरवून पुन्हा हलवली. टोस्टवाली भिंत कोपऱ्यातून उघडली. कोपऱ्यांना जोड नव्हता. तिने कोपऱ्यात टोस्ट आलटून-पालटून घातले, ते टिकलं.

आत्या दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. खाल्लं नाही. जाताना दुसऱ्या भिंतीतला टोस्ट बोटाने दाबून बघितला.

९ जून

परवा रात्री चांगला पाऊस झाला. दिरांच्या शेतात गेलो तर भेगा अजून उघड्या, फक्त कडा गोलावलेल्या. धाकट्याने एका भेगेत तांब्याभर पाणी ओतलं, गेलं. अजून पहिला पाऊस चालू आहे, असा निष्कर्ष त्याने दिरांना ऐकवला. त्यांनी पेरणीची घाई करायची नाही हे आधीच ठरवलं होतं, पण मान डोलावली.

१२ जून

थोरलीची सब्ज्यावर हरकत आहे. काळी माती दरवर्षी फुगते आणि दरवर्षी पुन्हा आकसून भेगाळते. सब्जा एकदाच फुगतो, मग मॉडेल अर्धंच. मी म्हटलं, वाळवून बघितलास का? तिने गाळणीत पुन्हा सब्जा भिजवला आणि गाळणी तशीच जाळीच्या पेटीत ठेवली आहे. ढगाळ हवेमुळे वेळ लागतोय. आज सकाळी कडेचे दाणे गाळणीपासून सुटायला लागले होते आणि मधे एक चीर दिसत होती. पूर्ण वाळला की दुसरी वाटी ती ओतणार आहे. शाळा सोमवारी.